गोव्यात लीगल असिस्टंट व्हायचं तर सुरुवात कुठून करावी?

साखळीच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझं बी.कॉम. झालंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना अडखळते. सध्या एका अकाउंटंटकडे काम करते. आईच्या माहेरच्या जमिनीचा दावा डिचोलीच्या कोर्टात चालू आहे. तिच्याबरोबर तारखांना जाऊन जाऊन मला त्या कामाची ओढ लागली आहे. एका ऑनलाईन संस्थेने लीगल असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सची चाळीस हजार फी सांगितली. तो केला तर नोकरी लागेल का? आणि एलएलबी नसताना हे काम करता येतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करता येतं. बार्देशात वकिलांच्या चेंबरमध्ये मी दोन दशकांहून जास्त काळ हेच काम करते आहे. मी एलएलबी केलेलं नाही. या काळात आमच्याकडे आलेल्या बऱ्याच मुलामुलींना हाताखाली घेऊन शिकवलं, त्या अनुभवावरून पुढचं सगळं लिहिते.

आपल्याकडे वकिली कोणी करायची हे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ ठरवतो. वकिलाच्या मदतनिसासाठी मात्र परवाना, सक्तीची परीक्षा किंवा नोंदणी असं काही त्यात नाही. म्हणून कुठलाही कोर्स "मान्यताप्राप्त लीगल असिस्टंट" घडवतो असं कोणी म्हणत असेल, तर मान्यता नेमकी कोणाची, हे लेखी मागा. अमेरिकेत तिथली बार असोसिएशन पॅरालीगलचे, म्हणजे वकिलाच्या मदतनिसांचे, अभ्यासक्रम तपासून मान्य करते. आपल्या बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, तशी पद्धत नाही. ऑनलाईन विकल्या जाणाऱ्या कित्येक कोर्सचा साचा तिकडचा असतो. त्यात शिकवलेलं परदेशी फर्मसाठी काम करणाऱ्या कंपन्यांत उपयोगी पडेल, डिचोलीच्या कोर्टात फारसं नाही.

तुम्ही विचारलंय कोर्सबद्दल, पण मला तुमची अडचण दुसरी दिसते. हे काम प्रत्यक्ष शिकवणारं टेबल कुठे मिळेल, आणि तिथे बसण्याआधी किती तयारी हवी, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. त्याचं उत्तर तुम्हाला कुठली नोकरी हवी यावर ठरतं, कारण या एका नावाखाली गोव्यात निदान तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

पहिली वकिलाच्या चेंबरमधली. दुसरी बिल्डर, बँक, हॉटेल किंवा औषध कंपनीच्या कायदा विभागातली. तिथे करार, परवाने आणि नूतनीकरणाच्या तारखा सांभाळायच्या असतात, वेळ ठरलेली आणि पगार बरा असतो, पण कोर्टाचं काम क्वचितच दिसतं. तिसरी सरकारी. एखाद्या खात्याच्या जाहिरातीत "लीगल असिस्टंट" असं पदनाम दिसलं तर पात्रतेची ओळ आधी वाचा, तिथे बहुधा कायद्याची पदवीच मागतात. कोर्टातले कारकून आणि स्टेनो ही भरती पूर्ण वेगळी, तिला या कामाशी जोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर असतात, ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (नाल्सा) २००९ पासूनची योजना आहे. ती नोकरी नव्हे, सेवा आहे आणि मानधनावर चालते. पण प्रशिक्षण प्राधिकरणच देतं आणि गावागावांतल्या माणसांच्या अडचणी जवळून कळतात. सध्याची नोकरी न सोडता काही करून बघायचं असेल तर ही वाट चांगली आहे.

तुम्हाला कोर्टाची ओढ आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढे चेंबरच्या कामाबद्दलच बोलते.

कोर्टात वकील उभे राहतात ते लोकांना दिसतं. त्यांच्या हातातली फाईल कशी तयार झाली ते कोणाला दिसत नाही, आणि आपलं काम तेच. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे कोर्टापुढच्या प्रकरणांची यादी, काढायचा, प्रत्येक प्रकरणात उद्या काय आहे ते रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीवरून, लिहायचं: समन्स बजावून आलं का, लेखी म्हणणं द्यायचंय का, साक्षीदाराची उलटतपासणी आहे की युक्तिवाद. साक्षीदाराला फोन करायचा. कोर्ट फीचे स्टॅम्प, वकालतनामा, प्रोसेस फी, दस्तऐवजांची यादी, पानांचे क्रमांक, प्रतिपक्षाची प्रत हे सगळं बघायचं. नकलांचे, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रतींचे, अर्ज करायचे. ई-फायलिंगसाठी कागद सरळ स्कॅन करायचे, शब्द शोधता येतील अशी पीडीएफ करायची, फाईलना ओळखू येतील अशी नावं द्यायची. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक डायरीत हवा, त्यावरून ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये पुढची तारीख काही क्षणांत सापडते. तरीही ॲपवर विसंबून हाताची डायरी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. ॲपमध्ये तारीख उशिरा चढते, कधी चुकीची चढते, आणि वकील कोर्टातून बाहेर येताना तोंडी सांगतात ती सूचना तर कुठल्याच ॲपमध्ये नसते.

या सगळ्यात कोणती गोष्ट आधी शिकावी असं मला विचारलं, तर मी मुदत मोजणं म्हणेन. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. नवीन माणसाला मी हेच पहिलं देते, कारण त्यात एकामागून एक तीन मुदती येतात. समजा, बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, पक्षकाराच्या हाती ३ मार्चला आला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत, लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस समोरच्याला ८ एप्रिलला मिळाली, तर पैसे भरायला त्याला १५ दिवस, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. त्याने भरले नाहीत की तक्रारीचं कारण उभं राहतं, आणि तिथून एका महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. आता बघा, या साखळीत ८ एप्रिल ही तारीख कुठून आली? पोस्टाच्या पोचपावतीवरून किंवा ट्रॅकिंगच्या छापील प्रतीवरून. ती प्रत वेळेवर काढून ठेवली नाही तर पुढची सगळी मोजणी अंदाजावर जाते. आमच्याकडे मुदतीचा शेवटचा दिवस डायरीत लाल शाईने लिहितात आणि काम मात्र त्याच्या आठवडाभर आधीच्या पानावर लिहितात. शेवटच्या दिवसावर कोणी काम ठेवत नाही.

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, आणि कोर्ट वाढवून देतं ती मुदत ९० दिवसांपर्यंतची. पक्षकार येतो तेव्हा समन्स कधी मिळालं हे त्याला नीट आठवत नाही, "गेल्या आठवड्यात असेल" म्हणतो. त्याला पाकीट आणायला सांगा. घरात समन्स कोणी घेतलं, सही कोणी केली, ते विचारा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची, उच्च न्यायालयात ९० दिवसांची, पण निकालाची नकल मिळवायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात. म्हणून नकलेवरच्या शिक्क्यातली अर्ज केल्याची आणि नकल तयार झाल्याची तारीख वाचता यायला हवी. कायद्याचं पुस्तक पाठ नसलं तरी चालेल. कागदावरची प्रत्येक तारीख कशाची आहे, हे मात्र सांगता आलं पाहिजे.

गोव्यातल्या जमिनीच्या फायलीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाहेरचा कोणताही कोर्स ती शिकवत नाही.

आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, आणि कुटुंबविषयक बाबतीत तिचा पाया आजही टिकून आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. आईवडील मृत्युपत्राने सगळी मालमत्ता हवी त्याला देऊ शकत नाहीत, मुलांसाठी निम्मी राखीवच असते. वारसाचे नियम आता गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया अधिनियम, २०१२ मध्ये आले आहेत. तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला.

चेंबरमधल्या माणसाला याचा अर्थ काय? इन्व्हेंटरीचं, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटून देण्याचं, प्रकरण आलं की पहिल्याच दिवशी वंशावळ मांडायची. पाच भावंडं असतील तर हितसंबंधी पक्ष पाच नाहीत, त्यांचे पतीपत्नी धरून दहा. त्यातला एक भाऊ वारला असेल तर त्याची बायको, मुलं, मुलांचे जोडीदार. एक बहीण लग्न होऊन बेळगावला गेली, एक पुतण्या लिस्बनला, दुसरा इंग्लंडमध्ये. प्रत्येकाचा जन्म, लग्न आणि मृत्यूचा दाखला, प्रत्येकाचा पत्ता, परदेशातल्यांचं मुखत्यारपत्र रीतसर प्रमाणित होऊन यायला हवं. पुढे कोर्टात कुटुंबप्रमुख नेमला जातो, त्याची जबानी होते, मालमत्तेची यादी दाखल होते, सगळ्यांना नोटिसा जातात, यादीवर हरकती येतात, वारसांमध्ये आपापसात लिलाव होतो आणि शेवटी वाटणीचा तक्ता मंजूर होतो. सुरुवातीच्या वंशावळीत एखाद्या आत्याचं नाव राहून गेलं तर काही वर्षांनी सगळं परत मागे जातं. ही वंशावळ तपासताना मी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बोलवायला सांगते. कोणाचं लग्न कुठे झालं आणि कोण लहानपणीच गेलं, ते तिला कागदांपेक्षा नीट ठाऊक असतं.

नावांचीही अडचण असते. एकाच आजोबांचं नाव पोर्तुगीज नोंदीत एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या आणि आधार कार्डावर तिसऱ्या. कुठे आडनाव गावाच्या नावावरून, कुठे वडिलांच्या नावावरून. ही सगळी माणसं एकच, हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि ते करण्याआधी ती खरोखर एकच आहेत याची खात्री करावी लागते.

मग येते ती जमिनीची ओळख. जुन्या दस्तात जागेचं नाव, नोंदणीचा वर्णन क्रमांक, महसुलासाठीचा मात्रिझ क्रमांक आणि चतुःसीमा असतात: पूर्वेला अमक्याचं कुळागर, पश्चिमेला ओहोळ. आजचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, सर्व्हे क्रमांक आणि पोटहिस्सा सांगतो, कारण तो १९६८ च्या लँड रेव्हेन्यू कोडनंतर झालेल्या मोजणीतून आला आहे. जुना वर्णन क्रमांक म्हणजेच आजचा हा सर्व्हे क्रमांक, हे जुळवून दाखवणं हे गोव्यातल्या जमिनीच्या दाव्याचं निम्मं काम असतं. क्षेत्रफळ बहुधा जुळत नाही. सीमेवरचा शेजारी तीन पिढ्यांपूर्वीचा असतो. उताऱ्यात कुळाच्या किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचं तरी नाव निघतं. आणि पक्षकार उतारा पुढे ठेवून म्हणतो, "ही बघा, जमीन माझीच!" महसुली नोंद खरी मानली जाते ती तिच्याविरुद्ध पुरावा येईपर्यंत. ती मालकीचा दस्त नव्हे. हा फरक तुम्हाला उताऱ्याच्या रकान्यांवर बोट ठेवून समजावता आला पाहिजे.

मामलेदार कचेरीत चालणारी कुळांची आणि मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) प्रकरणं, फेरफार, देवस्थानच्या महाजनांचे वाद, कोमुनिदादीच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनी या प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी असतात. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे या भागात जुने मोडी कागदही निघतात. एवढं सगळं पहिल्या वर्षात येत नाही, कोणी अपेक्षाही करत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून हवी, ती म्हणजे कागदाबद्दलची शंका. बनावट जुन्या दस्तांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की २०२२ मध्ये गोवा सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. कुटुंब परदेशात, घर बंद, कागद शंभर वर्षांपूर्वीचे, अशा जमिनी यात सापडल्या. त्यामुळे जुन्या दस्ताची झेरॉक्स आली की मी पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक टिपून घेते, आणि निबंधक कार्यालयातून किंवा पुराभिलेख खात्यातून प्रमाणित नकल आल्याशिवाय त्या कागदावर विसंबून काही टाईप करू देत नाही. सिनिअर घाईत असले तरी थांबवते. चांगला सिनिअर यावर रागावत नाही.

आता इंग्रजीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ती भीती दिसली. गोव्यातल्या कोर्टांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, तेव्हा लिहिलेलं इंग्रजी यावंच लागेल. पण ते ठराविक इंग्रजी आहे. जुन्या फायलींतले अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा रोज दोन-तीन वाचून हाताने उतरवून काढल्या तर काही महिन्यांत वाक्यांचा साचा हातात बसतो. बोलणं मागाहून येतं, आणि चेंबरमध्ये तुमचं बहुतेक बोलणं पक्षकारांशी असतं, ते कोंकणी-मराठीत. तिथेच तुमची खरी किंमत आहे. साक्षीचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार होतं आणि सही करणारी म्हातारी मराठी वाचते. सहीआधी तिला प्रत्येक परिच्छेद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि ती "असं नाही झालं" म्हणाली तर तिथेच थांबून सिनिअरला सांगायचं. उलटतपासणीत "यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का?" हा प्रश्न हमखास येतो. ज्या साक्षीदाराला नीट वाचून दाखवलेलं असतं तो डगमगत नाही.

पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. दस्तातली तारीख, नोटरीचं नाव, पुस्तक-पान, आणि नोर्त, सूल, नासेंत, पोएंत या चार दिशा ओळखता आल्या तरी कुठला कागद भाषांतराला द्यायचा ते कळतं. पुढचं काम जाणकार भाषांतरकाराचं.

मग कोर्स करावा का? परिस्थितीवर आहे. हातात पैसे मोजके असतील आणि चेंबर मिळण्याची शक्यता असेल, तर चाळीस हजार घालू नका. घराजवळ कुठलंच चेंबर मिळत नसेल किंवा सध्याची नोकरी इतक्यात सोडता येत नसेल, तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा पदविका अभ्यासक्रम बघा. बारावीनंतर दूरस्थ पद्धतीने करता येतो आणि आपल्या कायद्यांवर आधारलेला आहे. चालू वर्षाची फी आणि प्रवेश इग्नूच्या संकेतस्थळावर बघून घ्या. खासगी संस्थेकडेच जायचं ठरवलं तर त्यांना एवढं विचारा: शिकवणारे कोर्टात जातात का? प्रत्यक्ष प्रकरणाची फाईल बांधून घेतात का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे अभ्यासक्रमात आले आहेत का? व्हॉट्सॲपचे संदेश किंवा सीसीटीव्हीचं चित्रण पुराव्यात द्यायचं तर लागणारं प्रमाणपत्र नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली कसं भरतात, हे दाखवतात का? याची उत्तरं गुळमुळीत आली आणि "नोकरीची हमी" मात्र ठणकावून सांगितली, तर त्या संस्थेला नाही म्हणा.

टायपिंगचा वेग, वर्डमध्ये परिच्छेद-क्रमांक आणि अनुक्रमणिका, एक्सेलमध्ये तारखांचा तक्ता, हे तुम्ही आजही घरी वाढवू शकता. अकाउंटंटकडे काम केलंय म्हणता, म्हणजे पावत्या लावून ठेवण्याची आणि आकडा ताळ्यात आणण्याची सवय आहे. वकिलांना ती फार हवी असते. स्वतःबद्दल सांगताना हे आवर्जून सांगा.

आणि तुमच्या हाताशी एक फाईल आहेच, आईच्या दाव्याची. आईच्या परवानगीने तिच्या प्रती घेऊन बसा. मूळ कागदांना हात लावू नका, त्यांवर पेन्सिलनेही खूण करू नका. तारखांचा तक्ता करा: दावा कधी, समन्स कधी, लेखी म्हणणं कधी, मुद्दे कधी काढले, प्रत्येक तारखेला काय झालं. शेजारी वंशावळ काढा. तिसऱ्या कागदावर दस्तांची यादी, आणि प्रत्येक दस्ताने नेमकी कुठली गोष्ट सिद्ध होते ते एका ओळीत. दोन-तीन रविवार जातील. हे करताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर हे काम तुमचं आहे. कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मात्र त्या तक्त्यावरून आईला कायदेशीर सल्ला देऊ नका, आणि तिच्या वकिलांच्या कामात परस्पर ढवळाढवळ करू नका. काही खटकलं तर आईबरोबर जाऊन त्यांनाच विचारा.

इथून मी त्या रेषेवर येते, जी मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात आखून देते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसलेल्या माणसाने कोर्टात बाजू मांडायची नाही. पक्षकाराला "तुमची केस नक्की जिंकणार" किंवा "अपील करू नका" असं सांगायचं नाही, तो सल्ला झाला. पक्षकाराच्या वतीने सही नाही, मागची तारीख टाकणं नाही, फी स्वतःच्या खात्यात घेणं नाही. कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठून वकिलाकडे नेणं आणि त्याचे पैसे घेणं ही दलाली आहे, कायद्यात तिच्यासाठी वेगळं कलम आहे. दिवसभर वकिलांबरोबर वावरल्यावर गावातली माणसं आपल्यालाच "वकीलबाई" म्हणू लागतात, आणि पाय घसरतो तो तिथेच. "मी सिनिअरना विचारून सांगते" हे वाक्य न लाजता म्हणायची सवय ठेवा.

गुप्ततेचंही तसंच. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये ते आहे. गोवा लहान आहे. बाजारात भेटलेली मावशी सहज विचारते, "त्यांच्या वाटणीचं कुठवर आलं गो?" ती तुमच्या नात्यातली असेल, तिचाच दीर त्या प्रकरणात प्रतिवादी असेल. हसून विषय बदलायचा. आणि ज्या चेंबरमध्ये जाल तिथे पहिल्याच भेटीत आईच्या दाव्याबद्दल सांगा, समोरच्या पक्षाचं नाव सांगा. त्यांच्याकडे त्या पक्षाचं काही काम असेल तर ते आधी कळलेलं दोघांच्याही हिताचं.

चेंबर शोधायचं ते डिचोली आणि म्हापशापासून. पर्वरीला उच्च न्यायालय आहे, तिथल्या कामाची पातळी वेगळी. पण फाईल पायापासून उभी राहताना बघायची तर तालुक्याचं कोर्ट उत्तम. दिवाणी आणि जमिनीचं काम जास्त असलेले, आणि हाताखाली दोन-तीन ज्युनिअर टिकून राहिलेले सिनिअर शोधा. ज्यांच्याकडे माणसं वर्षभरही टिकत नाहीत तिथे जाऊ नका, नाव कितीही मोठं असलं तरी. दुपारी कोर्ट सुटल्यावर, पण संध्याकाळचे पक्षकार यायच्या आधी भेटायला जा. सोबत स्वतः केलेला एखादा तक्ता न्या, आईच्या फाईलचा नव्हे, नावं बदलून केलेल्या काल्पनिक प्रकरणाचा. गुप्तता तुम्हाला कळते, हे त्यातूनच दिसेल.

पगार सुरुवातीला कमी असतो, कदाचित अकाउंटंटकडे मिळतो त्याहूनही. म्हणून घरच्यांशी आधी बोला, किती महिने चालवून घेता येईल ते ठरवा. पगार, सुट्टी आणि सुटण्याची वेळ लेखी घ्या, साध्या पत्रावर का होईना. चेंबरचं काम संध्याकाळी रंगतं आणि साखळीकडे जाणारी कदंबाची शेवटची बस कोणासाठी थांबत नाही. सुटण्याची वेळ ठरवून मागण्यात काही गैर नाही. मुलींसाठी आणखी एक: दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. बहुतेक चेंबर लहानच असतात, तेव्हा हे माहीत असू द्या.

एलएलबीचा निर्णय चेंबरमध्ये वर्षभर काढल्यावर घ्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पदवीला किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. गोव्यात मिरामारला साळगावकर आणि मडगावला कारे ही कायद्याची महाविद्यालयं आहेत. हजेरी ७० टक्के हवी, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी आणि वर्ग एकत्र जमत नाहीत. दूरस्थ पद्धतीने घेतलेली कायद्याची पदवी सनदेला चालत नाही, तशी जाहिरात दिसली तर तिकडे वळू नका. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, मग स्वतःच्या नावाने वकालतनामा. तोपर्यंत वर्ग सांभाळून अर्धवेळ काम करू देतील का, हे प्रवेशअर्ज भरायच्या आधी सिनिअरना विचारून घ्या. वर्षभर नीट काम केलेल्या माणसाला सहसा ते सोडत नाहीत.